रक्तांतील एक कूळ

गेल्या मार्गशीर्षांत आमच्या उजव्या डोळ्यांतील मोतीबिंदु काढावयाचें ठरलें. शस्त्रक्रियेपूर्वीं रक्त तपासून आणावें अशी डॉक्टरांची आज्ञा असते, त्याप्रमाणें आम्हीं एका तपासणीगृहांत जाऊन हात पुढें केला. दुसऱ्या दिवशीं अहवाल हातीं आला. साखर, मूत्रपिंड वगैरे रकाने निर्दोष निघाले. परंतु एका ओळीपुढें तांबडी चांदणी काढलेली होती. पांढऱ्या पेशी १२,०००, त्यांत लिंफोसाइट शेंकडा ५५. खिडकीवरील पोरानें एकवार कागदाकडे व एकवार आमच्याकडे पाहिलें, आणि तो म्हणाला, "सर, हे नागपूरला दाखवा. कॅन्सर-बिन्सर असू शकते."

चौंतीस वर्षें मुलांच्या उत्तरपत्रिकांवर तांबड्या शाईनें खुणा करण्यांत आमचीं गेलीं. ती खूण पाहून मुलांच्या पोटांत काय होत असेल याचा विचार आम्हीं फारसा केला नव्हता, तो त्या सायंकाळीं केला.

तुमसर हें तांदळाच्या बाजारासाठीं व भोंवतालच्या मँगनीजच्या खाणींसाठीं प्रसिद्ध असलें, तरी येथें बातमी धान्यापेक्षां लौकर हालते. तीन दिवसांत ‘गुरुजींना रक्ताचा रोग आहे’ ही वार्ता बाजारांतून फिरून आमच्याच ओसरीवर परत आली. एरवीं आम्हीं ती हंसण्यावारी नेली असती. परंतु त्याच सुमारास आमच्या धाकट्या कन्येचा विवाह बालाघाटच्या एका घरीं जुळत आला होता. आणि आमच्या पूर्व विदर्भांत ‘रक्ताचा रोग’ या शब्दांचा लोक एकच अर्थ घेतात, तो म्हणजे सिकलसेल. विवाहापूर्वीं दोन्हीं पक्षांनीं त्याची तपासणी करून घ्यावी असा प्रचार इकडे चालतो, व तो सर्वथैव योग्य आहे. तेव्हां मध्यस्थांनीं मोठ्या संकोचानें विचारलें, "गुरुजी, कानांवर आलें तें खरें काय?" आमच्या घरांतून सूचना आली ती अशी: "अहो, लग्न होऊन जाऊं द्या, मग काय सांगायचें तें सांगा. डोळ्याच्या कामासाठीं रक्त दिलें होतें, एवढेंच म्हणा." आम्हीं मध्यस्थांजवळ पंधरा दिवसांची मुदत मागितली. लोकांस काय सांगावयाचें हें ठरविण्यापूर्वीं आपणांस काय झालें आहे हें आपण समजून घ्यावें, अशा विचारानें तुमसर रोडच्या स्थानकावर जाऊन नागपूरची गाडी धरली. या सदरांत एरवीं आम्ही गृहस्थाश्रमांतील इतर विषयांवर लिहितों; परंतु त्या पंधरा दिवसांत जें शिकलों तें पुष्कळांच्या घरीं उपयोगी पडेल असें वाटल्यावरून या महिन्याचीं पानें त्यालाच देत आहों.

रक्ताच्या एका घन मिलिमीटरांत, म्हणजे खसखशीच्या दाण्याएवढ्या थेंबांत, प्रौढ माणसाच्या पांढऱ्या पेशी सुमारें ४,००० ते ११,००० असतात. त्यांचे प्रकार अनेक आहेत, त्यांपैकीं लिंफोसाइट हा एक. या प्रौढांत साधारणतः १,००० ते ४,००० असाव्या. अहवालांत टक्केवारी छापतात, पण खरा अर्थ संख्येंत असतो. शेंकडा ५५ हा आंकडा एकूण ५,००० पेशींवर असता तर लिंफोसाइट २,७५० भरले असते, व कोणीं दखलही घेतली नसती. आमच्या बाबतींत तो १२,००० वर होता, म्हणून ६,६०० झाले. लिंफोसाइटांचेही पोटभेद आहेत: बहुसंख्य टी-पेशी, कांहीं स्वाभाविक मारक पेशी, आणि दहांतून एक-दोन बी-पेशी. रोगजंतूंस ओळखून त्यांना चिकटणारीं प्रतिपिंडें तयार करणें हें बी-पेशींचें काम. बालपणीं टोंचलेली लस शरीर पुढें वर्षानुवर्षें विसरत नाहीं, त्यांतही या पेशींचा मोठा वांटा असतो.

यांस ‘बी’ हें अक्षर कसें चिकटलें ती कथा आम्हां मास्तर लोकांस विशेष रुचण्यासारखी आहे. इटलीतील पादुआ येथें फाब्रिसियस नांवाचे शरीरशास्त्राचे अध्यापक होऊन गेले. रुधिराभिसरणाचा शोध लावणारा हार्वे हा त्यांचा विद्यार्थी. पक्ष्यांच्या गुदद्वाराजवळ एक लहानशी पिशवी असते, तिचें वर्णन त्यांनीं करून ठेविलें. ‘बर्सा’ म्हणजे लॅटिन भाषेंत पिशवी. म्हणून तिला फाब्रिसियसची बर्सा म्हणूं लागले. ती कशासाठीं असते हें मात्र तीनशें वर्षें कोणास कळलें नाहीं. १९५० नंतरच्या दशकांत अमेरिकेंतील ओहायओ येथें ब्रूस ग्लिक हे या पिशवीचा अभ्यास करीत होते, व त्यासाठीं कांहीं कोंबड्यांच्या पिशव्या त्यांनीं काढून टाकल्या होत्या. चँग नांवाच्या त्यांच्या सहाध्यायास वर्गांत एक प्रयोग दाखवावयाचा होता: कोंबडीस जंतूंचा अंश टोंचला असतां तिच्या रक्तांत प्रतिपिंडें कशीं उत्पन्न होतात, हा. कोंबड्या कमी पडल्या म्हणून त्यांनीं ग्लिक यांच्याकडून मागून आणल्या. प्रयोग साफ फसला! प्रतिपिंडें निघेनात. वर्गापुढें फजिती झाली असतां आमच्यासारख्यानें तास आटोपता घेतला असता आणि दोष कोंबड्यांवर ढकलला असता. या दोघांनीं मात्र दोष कोंबड्यांचाच खरा, पण तो कां, असें विचारलें. आणि प्रतिपिंडें निर्माण करणाऱ्या पेशी त्या पिशवींत तयार होतात असें निष्पन्न झालें. त्यांचा निबंध १९५६ सालीं प्रसिद्ध झाला, तोही कोंबडीपालनाच्या मासिकांत, त्यामुळें वैद्यांच्या दृष्टीस तो लौकर पडला नाहीं. १९६५ सालीं मॅक्स कूपर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं हें कोडें पुरतें उलगडलें. मनुष्यास अशी पिशवी नाहीं. त्याच्या बी-पेशी अस्थींतील मज्जेंत जन्मतात. अक्षर तेवढें कोंबडीच्या पिशवीचें राहिलें. आमच्या घराण्यांत कोंबडी कधीं शिजली नाहीं, पण तिचें ऋण आतां मान्य करणें भाग आहे.

येथें एक गोष्ट ओघानें सांगतों. आमच्या एका शास्त्रीमित्रांनीं चरकसंहितेंत रक्तवाही स्रोतसांचें मूळ यकृत् व प्लीहा असें सांगितलें आहे याचें स्मरण देऊन, ‘हें सर्व आपल्या पूर्वजांस ठाऊक होतें’ असें प्रतिपादन केलें. प्लीहेचा रक्ताशीं निकट संबंध आहे हें त्यांनीं ओळखलें, हा त्यांच्या निरीक्षणाचा गौरवच होय. परंतु सूक्ष्मदर्शक यंत्रावांचून बी-पेशी कोणास दिसल्या नसत्या, आणि न पाहिलेलें पाहिलें म्हणून सांगणें हें ऋषींनाही आवडलें नसतें.

आतां मुख्य प्रश्न. बी-पेशी वाढल्या म्हणजे रोग झाला काय? लिंफोसाइट लहान मुलांत स्वभावतःच प्रौढांपेक्षां अधिक असतात. तेव्हां आजोबांच्या कोष्टकाशीं नातवाचा अहवाल ताडून पाहूं नये. डांग्या खोकल्यांत ते पुष्कळ वाढतात, कारण त्या जंतूच्या विषामुळें ते रक्तांतून बाहेर पडून ग्रंथींत परत जाऊं शकत नाहींत. विषाणुज्वरांत वाढतात त्या बहुधा टी-पेशी. जुनाट हिवतापानें प्लीहा फार मोठी झालेल्या कित्येक रोग्यांत खुद्द बी-पेशी वाढलेल्या आढळतात. धूम्रपान करणाऱ्या मध्यमवयीन स्त्रियांतही वर्षानुवर्षें टिकणारी अशी वाढ क्वचित् दिसून येते. हे सर्व प्रकार एका बाजूचे. दुसऱ्या बाजूस लिंफोसाइटचा तो दीर्घकालीन कर्करोग. दोहोंतील भेद केवळ संख्येवरून कळत नाहीं, कुळावरून कळतो.

हें आम्हांस नागपूरच्या रक्तविकारतज्ज्ञ बाईंनीं समजावून दिलें. वयानें त्या आमच्या एखाद्या विद्यार्थिनीएवढ्या असतील. परंतु शिकविण्याची हातोटी अशी कीं आम्हीं मुकाट्यानें बांकावर बसून ऐकिलें. त्यांनीं सांगितलेलें आम्ही आमच्या भाषेंत मांडतों. एखाद्या मोठ्या लग्नाच्या पंगतींत हजार पानें पडलीं, तर काश्यप, वसिष्ठ, भारद्वाज, कौशिक अशीं नाना गोत्रांचीं माणसें त्यांत असावयाचीं. गर्दी झाली म्हणून यजमानास भय नाहीं. परंतु प्रत्येक पानावरचा मनुष्य एकाच पणजोबाचें नांव सांगूं लागला, तर हें एकच कुटुंब सर्व मंडप व्यापून बसलें आहे असें समजावें. संसर्ग झाला असतां ज्या बी-पेशी वाढतात त्या नाना कुळांच्या. जंतु गेला कीं त्या आपापल्या घरीं जातात. कर्करोगांत मात्र एकाच पेशींत कांहीं बिघाड होतो व तिचीच संतति वाढत राहते.

कूळ ओळखण्याची युक्ति मोठी नामी आहे. प्रत्येक बी-पेशीच्या पृष्ठावर प्रतिपिंडाचा नमुना असतो, व त्याच्या आंखूड सांखळीचे दोनच प्रकार आहेत, कप्पा आणि लांब्डा. एका पेशीवर दोहोंपैकीं एकच असते. निरोगी माणसाच्या रक्तांत कप्पावाल्या व लांब्डावाल्या दोन्हीं पेशी असतात, कप्पा थोड्या अधिक. सर्वच्या सर्व एका प्रकारच्या निघाल्या तर त्या एका कुळाच्या. हें पाहण्याची फ्लो सायटोमेट्री नांवाची तपासणी असते. त्यासाठीं दंडांतून साधें रक्त घेतात, मज्जा काढावी लागत नाहीं. त्या रक्तांतील पेशींस चमकणाऱ्या खुणा चिकटवून, देवदर्शनाच्या रांगेप्रमाणें त्यांस एकीमागून एक अशा लेसरच्या किरणापुढून सोडतात, आणि यंत्र प्रत्येकीची खूण वाचून हिशेब मांडतें. या खुणा म्हणजे तरी काय? तींही प्रतिपिंडेंच! केंब्रिज येथें १९७५ सालीं कोहलर व मिलस्टाइन या दोघांनीं उंदराची बी-पेशी एका कर्कपेशीशीं जोडून, एकाच नमुन्याचीं प्रतिपिंडें हवीं तितकीं काढण्याची कृति शोधली, व त्यासाठीं त्यांस १९८४ चें नोबेल पारितोषिक मिळालें. म्हणजे बी-पेशी ओळखावयास साक्षीदार आणला तोही बी-पेशींच्याच घरचा.

आठ दिवसांनीं निकाल आला. आमच्या बी-पेशी ३,६००, व जवळजवळ सर्व कप्पा. टी-पेशींवर असणारी एक खूण या बी-पेशींवर उमटलेली होती, हीही त्या रोगाचीच ओळख. एका कुळाचा संशय खरा ठरला. आम्हीं विचारलें, "म्हणजे कर्करोगच ना?" बाई म्हणाल्या, "नाही सर. त्याला वेगळं नाव आहे." तें नांव मोनोक्लोनल बी-सेल लिंफोसायटोसिस. आमच्या मतें ‘एककुलीन बी-पेशीवृद्धि’ म्हटल्यास चालेल. एका कुळाच्या बी-पेशी ५,००० हून कमी, मानेंत, कांखेंत किंवा जांघेंत गांठी नाहींत, प्लीहा वाढलेली नाहीं, रक्तक्षय नाहीं, आणि ही स्थिति तीन महिने टिकलेली, असें असेल तर रोग म्हणत नाहींत. ५,००० वा त्याहून अधिक असल्या तर रोगाचें नांव देतात. ही सीमा माणसांनीं आंखली आहे. ४,९०० आणि ५,१०० यांच्यामध्यें निसर्गानें कांहीं भिंत बांधलेली नाहीं, हेंही बाईंनीं प्रामाणिकपणें सांगितलें.

ही स्थिति वाटते तितकी दुर्मिळ नाहीं. इंग्लंडांत लीड्स येथील संशोधकांनीं २००२ सालीं चाळिशीपुढील, रक्ताची गणना निर्दोष असलेल्या लोकांचें रक्त सूक्ष्म रीतीनें तपासलें, तों शेंकडा साडेतीन लोकांत असें एखादें कूळ सांपडलें. त्यांतील बहुतेकांच्या पेशी अगदीं थोड्या असतात, व त्या क्वचितच वाढतात. आमच्यासारखी जेथें संख्या ५०० च्या वर आहे, तेथें दरसाल शंभरांतून एका-दोघांस पुढें औषधोपचाराची पाळी येते. खुद्द तो कर्करोग युरोप-अमेरिकेंत वृद्धांच्या रक्तकर्करोगांत अग्रस्थानीं आहे. हिंदुस्थानांत व पूर्व आशियांत त्याचें प्रमाण पुष्कळच कमी. या रोगाच्या पायऱ्या कशा मोजाव्या याची पद्धति मात्र एका भारतीयाचीच; मूळचे जोधपूरचे डॉ. कांति राय यांनीं ती अमेरिकेंत राहून १९७५ सालीं घालून दिली, व ती त्यांच्याच नांवानें जगभर चालते.

औषध कोणतें, असें विचारतां बाई म्हणाल्या, "काहीच नाही. तीन महिन्यांनी परत या." घरीं येऊन आम्हीं हें सांगितलें मात्र, आमच्या घरांतून डोळ्यांस पदर लागला. "औषधच नाहीं म्हणतात म्हणजे डॉक्टरांनीं हात टेकले!" हा समज पुष्कळांचा असतो, म्हणून थोडें विस्तारानें सांगतों. रोग सौम्य असतां प्रारंभींच गोळ्या दिल्या तर आयुष्य वाढतें काय, याची परीक्षा फ्रान्समध्यें शेंकडों रोग्यांवर झाली, व तिचा निष्कर्ष १९९८ सालीं प्रसिद्ध झाला: लौकर औषध दिलेले रोगी न दिलेल्यांपेक्षां अधिक जगले नाहींत. पुढें नव्या औषधाची अशीच परीक्षा झाली, तीतही आयुष्य वाढल्याचें दिसलें नाहीं. आमची स्थिति तर रोगाच्याही अलीकडची. तेव्हां थांबणें ही येथें अनुभवानें ठरलेली चिकित्सा आहे. औषधाची वेळ येते ती पांढऱ्या पेशींच्या नुसत्या आंकड्यामुळें नव्हे; रक्तक्षय होऊं लागला, प्लेटलेट उतरल्या, गांठी किंवा प्लीहा फार वाढली, सहा महिन्यांत वजन दशांशानें घटलें, रात्रीं अंथरूण भिजण्याइतका घाम येऊं लागला, संसर्ग नसतां ज्वर राहूं लागला, किंवा सहा महिन्यांच्या आंत लिंफोसाइट दुप्पट झाले, म्हणजे येते. त्या वेळीं द्यावयास आतां चांगलीं औषधें आहेत. त्यांतील रिटुक्सिमॅब हें बी-पेशींनाच नेमकें चिकटतें, व २००७ पासून हैदराबादेंतही तयार होतें.

शेजारपाजारचे उपाय निराळे. गव्हांकुरांचा रस, पपईच्या पानांचा रस, गुळवेलीचा काढा, सर्व ‘प्रतिकारशक्ति वाढविणारे’. आम्हीं त्या सद्गृहस्थांस नम्रपणें विचारलें कीं, बी-पेशी ही प्रतिकाराचीच सेना. आमच्याकडे तीच नको तितकी झाली आहे, ती आणखी वाढवून काय करावें? गुळवेलीविषयीं तर २०२१ सालीं मुंबईच्या डॉक्टरांनीं, ती घेणाऱ्या कांहीं रोग्यांच्या यकृतास इजा झाल्याचें प्रसिद्ध केलें. आयुष मंत्रालयास तें मान्य झालें नाहीं. वाद असो; निष्कारण काढा पिण्याचें कारण आम्हांस दिसेना. बाईंनीं सांगितलें तें इतकेंच: ही सेना संख्येनें मोठी असली तरी कामास कच्ची असते, म्हणून ताप-खोकला अंगावर काढूं नये, इन्फ्लुएंझाची व न्यूमोनियाची लस घ्यावी, जिवंत जंतूंची लस मात्र विचारल्यावांचून घेऊं नये, आणि ठरल्या दिवशीं रक्त तपासावें.

राहिला बालाघाटचा प्रश्न. सिकलसेलचा दोष मातापित्यांकडून येतो. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक अपत्यास रोग होण्याचा संभव चारांत एक. आमच्या रक्तांतील फरक जन्मतःचा नव्हे. तो उतारवयांत एका पेशींत घडला व तिच्याच संततीपुरता राहिला. मुलाबाळांस तो वारशानें गेला नाहीं. तथापि पूर्ण सत्य सांगावयाचें तर, ज्या घरांत तो कर्करोग असतो तेथील जवळच्या रक्ताच्या नातलगांत तो इतरांहून कित्येक पट अधिक आढळतो, व ही स्थितिही तशा घरांत अधिक दिसते. पण मूळ प्रमाणच इतकें अल्प कीं, कित्येक पट होऊनही तें अल्पच राहतें. निरोगी मुलांचें रक्त याकरितां तपासावें असें डॉक्टर सांगत नाहींत.

घरांतील विरोध न जुमानतां सर्व कागद घेऊन आम्ही स्वतः बालाघाटास गेलों. कन्येची व त्यांच्या चिरंजीवांची सिकलसेलची तपासणी झालेली होती, दोन्हीं निर्दोष. ते कागदही बरोबर घेतले. वरपित्यांनीं चष्मा लावून प्रत्येक ओळ वाचली. आम्हीं पंगतीचा दृष्टांत दिला, कप्पा-लांब्डा सांगितलें, प्रमाणें सांगितलीं. तासभर शिकविलें म्हणाना! तें सर्व ऐकून घेऊन त्यांनीं एकच प्रश्न विचारला, "गुरुजी, हें तुमच्या मुलीला ठाऊक आहे काय?"

आम्ही निरुत्तर झालों. मध्यस्थ, शेजारी, शास्त्री, सर्वांशीं या विषयावर आमची चर्चा झाली होती. पुण्यास नोकरी करणाऱ्या त्या मुलीशीं मात्र, तिला उगीच काळजी नको म्हणून, अवाक्षर काढलें नव्हतें. त्या रात्रीं परत आल्यावर दूरध्वनि केला. ती म्हणाली, "बाबा, दादानं आठ दिवसांपूर्वींच सांगितलं. तुम्ही कधीं सांगतां याची वाट पाहत होतें." मग तिनें आम्हांस विचारलें कीं, तीन महिन्यांनंतरच्या तपासणीची तारीख घेतली काय. ती घेतलेली नव्हती.

तारीख दुसऱ्या दिवशीं घेतली. फाल्गुनांत पुन्हा रक्त दिलें, तेव्हां बी-पेशी ३,७०० निघाल्या, म्हणजे जवळजवळ तितक्याच. मोतीबिंदूही मध्यंतरीं निर्विघ्नपणें निघाला. वैशाखांत विवाह झाला. पुढील तपासणी भाद्रपदांत आहे. कन्या व जांवई दोघेही नागपुरास येणार आहेत, आणि परतीच्या गाडीस अवकाश असतो म्हणून आमच्या घरांतून चौघांपुरत्या दशम्यांची योजना आतांपासूनच चालली आहे.